एम३४०आय घ्यावी का? पाऊण कोटीच्या वेगवान गाडीत नेमकं काय तपासायचं?

मुळशीखोरे (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी,
पुण्यात बावधनला राहतो. बरीच वर्षं ऑक्टाव्हिया चालवली, समाधानाने चालवली. आता मात्र एक गाडी अशी घ्यायची आहे जी मी स्वतःच चालवणार, ड्रायव्हर ठेवणार नाही. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह (म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी) मनात पक्की बसली आहे. तीन लिटरचं एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो इंजिन, ३७४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, आणि शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत असा कंपनीचा दावा. मार्च २०२१ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ६२.९० लाख होती, २०२४ च्या शेवटी ७४.९० लाखांवर पोचली. चेन्नईत जुळणी होते म्हणून निदान या किमतीत मिळते.

वापर असा: आठवड्यात हिंजवडी, सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा, अधूनमधून कोल्हापूर, आणि वर्षातून काही वेळा समृद्धीने नागपूर (सासुरवाडी). आई-बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, तेही कधी कधी मागे बसणार.

व्हिडिओ भरपूर पाहिले. सगळ्यांत तेच, एक्झॉस्टचा आवाज आणि स्टॉपवॉच. पैसे मोजणाऱ्याने काय बघावं हे कुणी सांगत नाही. टेस्ट ड्राइव्हमध्ये काय तपासू? नवी घेऊ की दोन-तीन वर्षं वापरलेली? सांभाळायचा खर्च किती? दुसरा पर्याय सुचवायचा तर तोही सांगा.

खंबाटकी_बोगदा
वाचनखूण साठवली. घ्यायची ऐपत नाही, पण गाड्यांच्या धाग्यावर हजेरी लावल्याशिवाय झोप लागत नाही.

सहा_एका_ओळीत
माझ्याकडे २०२१ ची आहे, फेसलिफ्टच्या (त्याच गाडीचं रूप मध्येच थोडं बदलतात त्याच्या) आधीची. तेव्हा आकडा ३८७ अश्वशक्ती होता. रस्त्यावर तेरा अश्वशक्तींचा फरक कुणालाही कळणार नाही, त्यामुळे त्यावरून नवी-जुनी ठरवू नका.

ही गाडी घ्यायचं खरं कारण तिचं इंजिन आहे. बी५८ हे तिचं घराण्याचं नाव, २०१५ पासून चालत आलेलं. टोयोटाने आपल्या सुप्रासाठी हेच इंजिन घेतलं, यात काय ते आलं. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांची हालचाल एकमेकांची कंपनं जवळजवळ पूर्ण खोडून काढते, त्यासाठी वेगळे बॅलन्सर शाफ्ट लागत नाहीत. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर हात ठेवा, इंजिन चालू आहे हे शोधावं लागेल. आणि चांदणी चौकातून चढ चढताना दोन हजार आरपीएमच्याही खाली ती ज्या सहजतेने ओढते, तो आनंद मला रोज मिळतो. ४.४ सेकंद वर्षातून कितीदा वापरणार?

पेट्रोल: शहरात सात-आठ, हायवेवर शांतपणे चालवली तर बारा-तेरा. टाकी ५९ लिटरची. मी शक्यतो ९५ ऑक्टेनच टाकतो.

चार्जिंगवाला
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वेगासाठीच पैसे मोजायचे असतील तर आजच्या घडीला पेट्रोल सेडान घेणं मला पटत नाही. बीवायडी सील परफॉर्मन्स मार्च २०२४ मध्ये ५३ लाखांत आली. ५३० अश्वशक्ती, ६७० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ३.८ सेकंद. वर अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी. नागपूरला जाणाऱ्याने याचा विचार करायलाच हवा.

सहा_एका_ओळीत
@चार्जिंगवाला, राग कसला. सरळ रेषेत सील पुढे जाईल, वादच नाही. पण तिचं वजन आहे २,१८५ किलो. एम३४०आय साधारण पावणेदोन टन. म्हणजे चारशेहून जास्त किलोंचा फरक. ताम्हिणीत उतारावर एकामागून एक वळणं येतात तेव्हा हे वजन ब्रेकला आणि टायरला उचलावं लागतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच घाटात चालवून बघा. मग जी आवडेल ती तुमची.

गॅरेजवाला_सातारा
मी जर्मन गाड्यांचंच काम करतो, स्वतःचं गॅरेज आहे. वापरलेली घ्यायची म्हणता म्हणून लिहितो.

पहिलं, गाडी थंड असताना बघायला जायचं. मालकाला फोनवरच सांगा, मी यायच्या आधी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या.

दुसरं, चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधला सगळा इतिहास काढून मागा. फाइल दाखवली म्हणून गप्प बसू नका, सिस्टीममधला बघा. तेल कधी बदललं, किती किलोमीटरला, वॉरंटीत काय काय पार्ट गेले, विम्याचं काम किती झालं, सगळं त्यात असतं. ऑइल गाडी सांगेल तेव्हा बदलू, असं म्हणणारे मालक पुष्कळ. ज्याने वर्षाला बदललंय त्याची गाडी घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

तिसरं, ट्यूनिंग. या इंजिनात ताकद वाढवायला भरपूर वाव असतो, त्यामुळे पोरं रिमॅप करतात (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलतात) आणि विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात. स्कॅनर लावून बघणारा माणूस सोबत न्या. एअर फिल्टरचा डबा, डाउनपाइपचे (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट नळीचे) बोल्ट, क्लॅम्प यांच्यावर पान्याच्या खुणा असतील तर विचारा. रिमॅप सापडलं तर पॉवरट्रेनची वॉरंटी कंपनी नाकारू शकते.

चौथं, टायर. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच काळातले आहेत का बघा. फोर-व्हील ड्राइव्हला पुढे नवा मागे झिजलेला असलं चालत नाही, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो. रिम आतल्या बाजूनं वाकलीत का ते लिफ्टवर घेऊनच कळतं, बाहेरून बघून काही समजत नाही.

पाचवं, व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगपाशी तेलाचा ओलावा, कूलंटच्या टाकीची पातळी. प्लॅस्टिकचे भाग आपल्या उन्हात म्हातारे होतात.

झेडएफच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकबद्दल लोक म्हणतात की त्यातलं तेल आयुष्यभर बदलायचं नसतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. लांबचा विचार असेल तर बदला.

खंबाटकी_बोगदा
गॅरेजवाले दादा, हा प्रतिसाद छापून पाकिटात ठेवावा असा आहे. _/\_

गोदाकाठची
बायकांच्या बाजूनेही कुणी लिहावं म्हणून लिहिते. मी नाशिकहून मुंबईला दर आठवड्याला स्वतः चालवत जाते, गाडी याच वर्गातली जर्मन.

माझी उंची पाच फूट एक इंच. जोरकस गाड्यांच्या पुढच्या सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात, वळणावर शरीर घट्ट धरून ठेवण्यासाठी. त्या कडा कमी-जास्त करता येतात का, मांडीखालचा भाग पुढे-मागे होतो का, आणि सीट पूर्ण वर घेतल्यावर बॉनेटचं टोक दिसतं का, हे घरातला जो जो माणूस चालवणार आहे त्या प्रत्येकाने बसून बघावं. एकट्या नवऱ्याने जाऊन ठरवू नये.

शोरूममधला अनुभव (नाव घेत नाही, कुठल्या कंपनीचं तेही नाही): मी प्रश्न विचारायचे आणि सेल्समन उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. गाडी माझ्या नावावर, चेक माझा. आम्ही उठून दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे गेलो. डीलरशी पुढची पाच-सात वर्षं संबंध येणार असतो, त्यामुळे हाही तपासणीचाच भाग धरा.

आणि नव्या एम३४०आयमध्ये एसीची बटणं गेली, सगळं त्या वक्र स्क्रीनमध्ये. मला ते अजिबात पटलेलं नाही. कसारा घाटात पावसाळ्यात काच धुरकटते तेव्हा नजर रस्त्यावरून न हलवता बटण दाबता आलं पाहिजे.

सहा_एका_ओळीत
@गोदाकाठची, बटणांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. माझ्या जुनीत ती आहेत, आणि फेसलिफ्टच्या आधीची शोधावी यासाठी माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. नवीत गिअरचा दांडाही गेला, छोटी खटकी आली.

मुळशीखोरे
इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठची ताई, बायकोला धागा दाखवला. तिने लगेच फर्मावलं की पुढच्या टेस्ट ड्राइव्हला ती चालवणार.

आई-बाबांच्या मुद्द्यावर कुणी बोललं नाही अजून.

निवृत्त_अभियंता
मी बोलतो. माझा मुलगा ही गाडी वापरतो आणि मी व माझी पत्नी मागे बसतो. मी बहात्तर वर्षांचा आहे, गुडघ्यांची तक्रार आहे.

बसायला गाडी बरीच खाली आहे. आत शिरताना मान वाकवावी लागते आणि उतरताना कुणाचा तरी हात लागतो. मध्ये ट्रान्समिशनचा उंच बोगदा असल्याने मागे दोघांनीच बसावं. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. भारतात साध्या थ्री सीरिजची लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) आवृत्ती मिळते, तिचं व्हीलबेस ११० मिमी जास्त आहे. त्यामुळे मागच्या पायांना जास्त जागा मिळते. एम३४०आय आखूड व्हीलबेसची आहे, कारण ती चालवणाऱ्यासाठी बनवलेली आहे. म्हणून शोरूममध्ये लांब गाडीच्या मागे बसून समाधान मानू नका. एम३४०आयच्याच मागच्या सीटवर आईवडिलांना अर्धा तास बसवून फिरवा, मधल्या स्पीडब्रेकरांसकट.

आता अभियंता म्हणून एक मुद्दा. सगळे वेग पकडण्याचे सेकंद मोजतात. थांबण्याचं गणित कुणी मांडत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १०० ऐवजी १२० ने जात असाल तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा खपवावी लागते आणि ब्रेक लागल्यापासूनचं थांबण्याचं अंतरही साधारण त्याच पटीत वाढतं. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, द्रुतगतीवर सपाटीला १०० आणि घाटात ६०. शक्तिशाली गाडीत १४० हा वेग ८० सारखा वाटतो, आवाज नाही, थरथर नाही. त्यामुळे वेगाचा अंदाज कानांवर सोडू नका. स्पीड लिमिटर लावून चालवायची सवय लावा. आमच्या चिरंजीवांना मी हेच सांगत असतो.

चार्जिंगवाला
काका, हा प्रतिसाद सगळ्याच गाड्यांना लागू आहे, इलेक्ट्रिकला तर जास्तच. आवाज नसल्याने आमच्याकडे हा धोका दुप्पट. मनापासून सहमत.

सीए_कोल्हापूर
हिशेबाची बाजू मांडतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल सेडानवरचा जीएसटी आणि सेस मिळून जो ४८% होता तो सरळ ४०% झाला. त्यामुळे धाग्यात दिलेल्या जुन्या किमतींवर जाऊ नका, डीलरकडून ताजं कोटेशन घ्या. वापरलेल्या गाडीची किंमत ठरवतानाही हाच मुद्दा वापरा. विकणारा जुन्या ऑन-रोडचा आकडा पुढे करील, तुम्ही आजच्या नवीच्या किमतीवरून खाली या.

महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३% रोड टॅक्स. ७५ लाखांवर पावणेदहा लाखांच्या आसपास. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २०%, म्हणजे १५ लाख. बदल्यात व्यवसायात दरवर्षी १५% घसारा दाखवता येतो, पण गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. ‘कंपनीच्या नावावर घ्या, सगळं वसूल होतं’ असं सांगणारे हा २०% सोयीस्कर विसरतात. शिवाय पूर्ण आयात गाडीला व्यक्तीच्या नावावरही २०%. म्हणून ऑडी एस५ किंवा मर्सिडीजच्या एएमजी सी४३ शी तुलना करताना एक्स-शोरूमवर थांबू नका, ऑन-रोडवर या.

१% टीसीएस (डीलर आगाऊ घेतो तो आयकर) लागतो तो खर्चात धरू नका, रिटर्न भरताना वळता होतो.

विमा: शून्य घसारा (पार्टची झीज न कापता भरपाई), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम), टायर संरक्षण आणि इंजिन संरक्षण, हे चारही घ्या. पाणी साचलेल्या रस्त्यात इंजिनाने पाणी ओढलं तर नुसत्या साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा नाकारलं जातं. अशा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही, टोइंग बोलवायचं.

घाटमाथा७
सी४३ चा विषय निघालाच आहे तर, मी दोन्ही चालवून पाहिल्या. सी४३ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आहे. टर्बोच्याच शाफ्टवर विजेची मोटर बसवली आहे, एफ१ मधून आलेलं तंत्र, त्यामुळे टर्बो लगेच जागा होतो. कागदावर ताकद एम३४०आयपेक्षा जास्त. अभियांत्रिकी म्हणून मला फार कौतुक वाटलं. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ती ९८ लाखांत आली, आणि एवढे पैसे मोजून चार सिलिंडरचा आवाज ऐकायला माझं मन तयार झालं नाही.

एएमजी ए३५ सेडान आपल्या चाकणला जुळायची, ३०६ अश्वशक्ती. वापरलेली मिळाली तर शहरासाठी छान, आटोपशीर. मागची जागा मात्र आणखी कमी, आई-बाबांसाठी नको.

सदर्न_कमांड_रोड
बीएमडब्ल्यूचीच एम२ घ्या की! मागे आई-बाबांना बसवायचा प्रश्नच येणार नाही, दरवाजेच दोन :)

मुळशीखोरे
@सदर्न_कमांड_रोड, हा सल्ला आईसमोर मोठ्याने वाचला. तुमच्यासाठी पुरणपोळी रद्द झाली आहे.

म्युनिकहून
जर्मनीत राहतो, इथे हीच गाडी टूरिंग रूपात वापरतो (मागून स्टेशन वॅगन, कुत्रा आणि सायकल दोन्ही मावतात). भारतात ती येत नाही याचं वाईट वाटतं.

ऑटोबानच्या मर्यादा नसलेल्या भागावर ती २५० वर इलेक्ट्रॉनिक कुंपणापाशी थांबते. तिथवर जाताना कळतं की गाडी कशासाठी बनवली आहे. १८० ला ती इतकी स्थिर असते की शेजारचा झोपू शकतो. पण हे भारतात कधीच वापरायला मिळणार नाही आणि मिळवायचा प्रयत्नही करू नये. मग भारतात या गाडीचं काय उरतं? मला वाटतं, ओव्हरटेक. सुट्टीला येतो तेव्हा कोकणात मावसभावाच्या साध्या गाडीतून ट्रक ओलांडताना समोरून एसटी दिसते आणि जीव मुठीत येतो. ही गाडी विरुद्ध बाजूला जेमतेम काही क्षण असते. ८० ते १२० किती सेकंदांत जाते हे शून्य ते शंभरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, आणि टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या हायवेवर, सुरक्षित जागी, हेच बघा.

इथले जुने चालक एक शिस्त पाळतात, तीही सांगतो. इंजिन सुरू केल्यावर तेल गरम होईपर्यंत जोर लावायचा नाही. पाण्याचं तापमान आधी वर जातं, तेलाचं बऱ्याच उशिरा.

गॅरेजवाला_सातारा
म्युनिकवाल्यांचं शेवटचं वाक्य सोन्याचं. आमच्याकडे येणारे टर्बोचे निम्मे रडगाणे थंड इंजिनाला पिळल्याचे असतात.

कॅम्पातला_वकील
विषयाला थोडं सोडून, पण उपयोगी. पाय मोकळे करायचेत तर ट्रॅक शोधा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला कारी, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण तो चाचण्यांसाठी आहे, कुणीही उठून जाऊ शकत नाही. ट्रॅकवर जाण्याआधी पॉलिसी वाचा. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या नेहमीच्या विम्यात वगळलेल्या असतात.

सहा_एका_ओळीत
धागाकर्त्यांचा खर्चाचा प्रश्न बाकी राहिला. टायर पुढे २२५/४०, मागे २५५/३५, दोन्ही १९ इंची. मापं वेगळी असल्याने पुढचे मागे फिरवता येत नाहीत, आणि मागचे आधी संपतात. चारही बदलायचे तर लाखाच्या वर धरा. सर्व्हिसचं पॅकेज गाडी घेतानाच घेतलं तर आकडा आधी कळतो. कंपनीची वॉरंटी दोनच वर्षांची आहे, त्यामुळे वाढीव वॉरंटी मी चैन समजत नाही. या गाडीत एखादा अडॅप्टिव्ह हेडलाइट गेला तरी त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

आणि तुमच्या सोसायटीच्या पार्किंगचा उतार. डीलरला टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणायला सांगा, तुमच्या रॅम्पवरून खाली उतरवा, वर काढा. तळ घासला तर पुढची सगळी चर्चा तिथेच थांबते.

मुळशीखोरे
काल तुमच्या सगळ्यांच्या यादीप्रमाणे झालं. गाडी घरी आली, रॅम्पवर तिरकी घेऊन व्यवस्थित उतरली. बायकोने पिरंगुटपर्यंत चालवली. आई-बाबा मागे बसले. बाबा काही बोलले नाहीत, उतरताना मात्र हात मागितला. आई म्हणाली, खड्डा जाणवतो पण आदळत नाही.

बाबांसाठी घरातली ऑक्टाव्हिया ठेवायची असं ठरलं, ती तशीही नऊ लाखांवर कुणी घेत नव्हतं. सीए साहेबांचा हिशेब धरून नवी आणि जुनी यांतला फरक मांडला, तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला. त्यात दोन वर्षांची पूर्ण वॉरंटी. म्हणून नवीच, माझ्याच नावावर, वाढीव वॉरंटीसह. एसीच्या बटणांचं दुःख आहे, गोदाकाठची ताईंसारखंच.

बुकिंग उद्या करतोय. नव्या गाडीला सुरुवातीला काय जपायचं तेवढं सांगा.

गोदाकाठची
अभिनंदन! वहिनींनी चालवली हे वाचून सगळ्यात छान वाटलं.

चार्जिंगवाला
अभिनंदन हो. ताम्हिणीत भेटू, चहा माझ्याकडून.

गॅरेजवाला_सातारा
अभिनंदन साहेब. पहिले २,००० किलोमीटर ४,५०० आरपीएमच्या वर न्यायची नाही आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, मॅन्युअलमध्येही तेच आहे. एकाच वेगाने तासन् तास चालवू नका, आरपीएम वर-खाली होऊ द्या. म्हणजे नागपूरची पहिली फेरी हे २,००० संपल्यावरच. नवे टायर पहिले तीनशे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत, ब्रेक पॅड आणि डिस्क बसायला पाचशेच्या आसपास लागतात, तोवर घाटात अंतर ठेवा. पहिलं तेल गाडीने सांगायची वाट न बघता लवकर बदलून घ्या, खर्च तुमचा पडला तरी. ताबा घेताना दिवसाउजेडी घ्या, टायरवरचे चार आकडे बघा, आणि विम्याच्या कागदावर इंजिन नंबर स्वतः जुळवा.